रिकामा खिळा

भिकनआप्पा गेले त्याच्या चार दिवस आधी मी त्यांना शेवटचा भेटलो. दुपारची भेटायची वेळ होती. वॉर्डात पंखे फिरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. आप्पांच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं, एका वाक्याला दोन श्वास लागायचे. ज्या नखांत मी तीस वर्षं काळं ऑइल पाहिलं होतं ती कुणीतरी घासून पांढरी केली होती, आणि ते हात मला त्यांचे वाटेनात. त्यांच्या पत्नी, आमच्या मंगलवहिनी, खाली औषधं आणायला गेल्या होत्या. त्या गेल्यावर आप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता मागचं काय ते सांगतील, घराचं, वहिनींचं. ते म्हणाले, "पंडित, ती गाडी तीन आठवडा पंख्याखाले उभी व्हती. मंग फिल्टर साफ कसा?"

योगेश नावाच्या पोराच्या, अकरा वर्षांपूर्वीच्या एका मोटारसायकलबद्दल ते विचारत होते. मी म्हणालो, "योगेशनी करा व्हई साफ." त्यांनी डोळे मिटले, दोन श्वास घेतले, मग म्हणाले, "मंग प्लग काळा कसा?" मला तिथून उठायचं होतं. मी म्हणालो, "आप्पा, गाडीमा काहीज नव्हतं. पोऱ्यानीच घाई करी." त्यावर ते जे बोलले ते माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं. "तसं नको म्हनू. त्यानी लिवर दिधं व्हतं. गाडी उठनी नही." लिवर म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि गाडी उठणं म्हणजे वेग घेणं, सुरतेत आम्ही सगळे तसंच म्हणतो. तेवढ्यात वहिनी आल्या, आणि मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायच्या निमित्तानं उठलो.

ते गेल्यावर इथल्या आमच्या खान्देशी मंडळातल्या लोकांनी मला त्यांच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी लिहायला सांगितलं. मी चार ओळी बऱ्या लिहितो असा समज आहे. आप्पांवर गोड लिहिणं काही अवघड नव्हतं. भेस्तानपासून पर्वत पाटियापर्यंतच्या निम्म्या खान्देशी माणसांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात, प्रत्येकाकडे एकेक किस्सा आहे. पण तसं लिहायला बसलो की दवाखान्यातला तो प्रश्न पुढ्यात येऊन बसतो. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं आणि त्याआधी अकरा वर्षंही माहीत होतं. म्हणून हा लेख मला लिहायचा होता तसा होणार नाही.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. माझ्यासारखेच मागावर काम करायला सुरतेत आले, पण चार महिन्यांत कारखाना सोडला, कारण मागांच्या आवाजात त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे आणि या माणसाला ऐकल्याशिवाय चैन पडत नसे. एका गॅरेजात हाताखाली राहिले, मग भेस्तानला पत्र्याचा एक गाळा घेतला. त्यांची कामाची रीत लोकांना वेड लावायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, गाडी ओढत नाही, कार्बोरेटर बघा." आप्पा म्हणायचे, "तूज बघ मंग, पाना देऊ का?" आणि शांतपणे प्लग खोलायला घ्यायचे. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असेल तर इंजिन सुखी. पांढरं असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. मग हवेच्या बाजूचं एकेक तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी फिरवून आणायची, आणि मगच दुसरीला हात लावायचा. "दोन गोष्टी बदल्यात का कोनता गुन आना ते समजत नही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मागाची दुरुस्ती करताना मलाही तीच सवय लागली. आणि शेवटची रीत म्हणजे खिळे. गाळ्याच्या भिंतीवर त्यांनी खिळ्यांची एक रांग ठोकली होती. गाडीतून जो भाग खराब म्हणून काढला तो गिऱ्हाईक येईपर्यंत तिथे लटकायचा. गिऱ्हाइकानं तो डोळ्यांनी बघायचा, हातात घ्यायचा, मग गाडी न्यायची. दोष सापडला नाही आणि खिळा रिकामा राहिला असं कधी झालं नाही. म्हणजे, एकदाच झालं.

योगेश आमच्याच कारखान्यात मागावर होता. सव्वीस वर्षांचा, आई लहानपणीच गेलेली, घरी वडील आणि तो. त्यानं कुणाकडून तरी जुनी, दीडशे सीसीची स्पोर्ट बाईक घेतली होती. पुढे अर्धं प्लास्टिकचं कवच, लाल रंग, टाकीवर ओरखडे. गाडीचं वय झालं होतं आणि ऐट मात्र जात नव्हती. तिच्यावर तो असा वाकून बसायचा की आम्ही म्हणायचो, बाबा, कारखान्याच्या फाटकापर्यंतच जायचंय तुला. त्याला राग येत नसे. चहाच्या सुट्टीत तो बाहेर येऊन गाडीला फडकं मारायचा आणि आम्ही त्याची थट्टा करायचो, एवढीच आमची त्या वर्षातली करमणूक होती. गाडी उभी असायची ती कारखान्याच्या मोठ्या पंख्याखाली, कारण सावली तेवढीच होती. तो पंखा आतली हवा बाहेर फेकायचा आणि हवेबरोबर सुताची बारीक लव. संध्याकाळपर्यंत सीटवर साय धरल्यासारखा थर बसायचा.

मग गाडी चाळीसच्या पुढे ओढेना. योगेश म्हणाला, "पंडितकाका, पिकअप मरी गयो." मीच त्याला आप्पांकडे घेऊन गेलो. प्लग काळा निघाला. एअर फिल्टर काढला तर त्यावर लवेचा जाड थर, हवेला आत जायला वाटच नव्हती. आप्पांनी फिल्टर बदलला, जुना खिळ्यावर टांगला, प्लग साफ केला, स्वतः गाडी हायवेनं पलसाण्यापर्यंत पळवून आणली. योगेशला खिळ्यापाशी नेऊन दाखवलं, गाडी आता मस्त आहे, बिनधास्त पळव म्हणाले, आणि बजावलं, "पंख्याखाले उभी नको करू." मी शेजारी उभा होतो. आम्ही परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पंख्याखालीच उभी, कारण उन्हात प्लास्टिकचं कवच तडकेल अशी त्याला भीती.

इथे मी शहाणा झालो. मी त्या कारखान्यात मास्टर, म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारा. यंत्रात लव जाऊ नये म्हणून आम्ही काय करतो ते मला ठाऊक होतं. कॉम्प्रेसरच्या तोंडाला, विजेच्या पेटीच्या जाळीला आम्ही मागावरून उतरलेलं कोरं कापड बांधतो. लव कापडावर अडकते, आठवड्यानं कापड झटकायचं. सगळे असंच करतात, मीही बावीस वर्षं करत होतो. मी त्याच कोऱ्या, आमच्या भाषेत ग्रे, कापडाचा एक तुकडा घेतला, दुहेरी केला, योगेशच्या गाडीची सीट काढून फिल्टरच्या डब्याच्या तोंडावर घट्ट बांधला. योगेश कामावर होता. त्याला म्हटलं, तुझ्या गाडीचा बंदोबस्त केला, आता ठेव कुठेही. तो खूश झाला. गाडी चालू करून मी कारखान्याच्या आवारात दोन चकरा मारल्या. काहीच फरक नव्हता. आवारात कसा पडेल? वीसच्या वेगाला इंजिनाला हवा लागतेच किती... कॉम्प्रेसरचं कापड मी दर सोमवारी झटकायचो. योगेशच्या गाडीचं झटकायचं आहे हे मी विसरलो. त्याला तर कापड कुठे बांधलंय हेसुद्धा मी दाखवलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी योगेश पलसाण्याला एका डाईंग मिलमध्ये नव्या कामाचं बोलायला निघाला. त्या तीन आठवड्यांत तो कारखाना आणि घर एवढंच फिरला होता, गल्लीबोळांतून, कधी तिसाच्या वर नाही. हायवेवर एका संथ टँकरच्या मागे अडकला, मग त्याला ओलांडायला गेला. समोरून ट्रक येत होता, पण तो लांब होता, असं रस्त्याकडेच्या चहावाल्यानं सांगितलं. "लिवर तो आप्यु, पण गाडी उठी ज नहीं," असं तो चहावाला आप्पांना म्हणाला. भक्‌ भक्‌ करत गाडी टँकरच्या बाजूला तिथेच राहिली, पुढे जाईना. आप्पा त्या चहावाल्याकडे मुद्दाम गेले होते, दोनदा. योगेश जागच्या जागी गेला.

त्याच्या वडिलांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. चौकीतून सुटल्यावर ती आप्पांनी मागून घेतली आणि टेम्पो घेऊन आणायला मी गेलो. पुढचं चाक, फोर्क, कवच, सगळं गेलं होतं. मागचा भाग आणि इंजिन शाबूत. टेम्पोत दोरी बांधताना निखळलेली सीट बाजूला झाली आणि आत ते कापड दिसलं. लवेनं माखलेलं, ऑइलची वाफ बसून घोंगडीसारखं झालेलं. मी ते ओढलं आणि पँटच्या खिशात कोंबलं. त्या वेळी काय विचार केला असं कुणी विचारलं तर, काहीच नाही. मी घाबरलो होतो. टेम्पोवाला पुढे बिडी ओढत होता, त्यानं वळूनही पाहिलं नाही.

आप्पांनी गाडी खोलली. प्लग काळाकुट्ट. म्हणजे हवा कमी. फिल्टर काढला तर तो कोरा करकरीत, त्यांनी बसवला होता तसाच. म्हणजे हवा भरपूर. दोन्ही गोष्टी एका इंजिनात एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. त्या दिवशी आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "मनाज हातनी चूक शे. सापडाले पाहिजे." मी तेव्हा बोलायला हवं होतं. कापड माझ्या ट्रंकेत होतं, घरी जाऊन आणायला पंधरा मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "सापडेल."

मग त्यांनी जुन्या बाजारातून सुटे भाग आणून गाडी उभी केली, चालवायला नाही, दोष शोधायला. सुताराची लाल पेन्सिल घेऊन भिंतीवर, खिळ्यांच्या खाली, दोन रकाने आखले. एकीकडे काय बदललं, दुसरीकडे काय झालं. कार्बोरेटरची सुई एक खाच खाली. जेट बदलला. फ्लोटची पातळी. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं भोक. कॉइल. व्हॉल्व्हचं अंतर. क्लचच्या प्लेटी. टायमिंगची चेन. एका रविवारी एक गोष्ट, आणि मग गाडी घेऊन पलसाणा, त्याच जागेपर्यंत, ऐंशीच्या वेगानं. आणि परत येऊन दुसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहायचे, बरोबर. बरोबर. बरोबर. गाडीत दोष नव्हताच तर सापडणार काय? तो माझ्या ट्रंकेत होता. पेन्सिल संपली की नवी आणायचे. रांगेतला एक खिळा त्यांनी त्या गाडीसाठी रिकामा ठेवला होता. गाळ्यात कितीही काम साचलं तरी त्या खिळ्याला कुणी काही अडकवलं तर ते काढून खाली ठेवायचे.

या शोधानं त्यांना खाल्लं, हे मी बघत होतो. त्यांचा हात बिघडला नव्हता, भरवसा बिघडला होता. साधा प्लग बदललेली गाडीही ते द्यायला तयार नसत. "उद्या ये." उद्या आलं की, "परवा ये, एकदा हायवेले फिरायी आनस." गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जायला लागलं. वहिनी मला गाठून म्हणायच्या, "पंडितभाऊ, तुम्ही सांगा ना यास्ले. तुमनं ऐकतीन." मी सांगायचो. काय सांगायचो? की आप्पा, सोडून द्या, नशिबात होतं. एवढं बोलून मी त्यांच्याच गाळ्यात बसून त्यांचाच चहा प्यायचो. अनेक रविवारी त्यांच्या मागे बसून पलसाण्यालाही गेलो. त्या जागी आलं की ते गाडी थांबवायचे, रस्त्याकडे बघायचे. मी त्यांच्या पाठीकडे बघायचो. दर वेळी तोंडाशी यायचं आणि दर वेळी वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर ते विचारतील, आधी का नाही सांगितलं. जितकं लांबवलं तितकं ते अवघड होत गेलं. योगेशचे वडील चार वर्षांपूर्वी वारले. त्या दिवशी, लाज वाटते पण लिहितो, माझं एक ओझं हलकं झालं.

एक खोटी आशाही होती, ती लपवत नाही. मी मनाशी म्हणायचो, कापडानं एवढं काय होणार? आवारात तर गाडी नीट चालली होती. कदाचित खरंच दुसरा दोष असेल, आप्पांना एक दिवस सापडेल, त्या खिळ्यावर काहीतरी टांगलं जाईल आणि मी सुटेन. आप्पा स्वतःचा दोष शोधत होते आणि मी त्यांना तो सापडावा म्हणून वाट बघत होतो. याहून नीच असं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

आप्पा गेल्यावर महिन्यानं वहिनींनी निरोप पाठवला. गाळा रिकामा करायचाय, मालक चुना मारून दुसऱ्याला देणार आहे, ती लाल गाडी तुम्ही घेऊन जा, मला ती दारात नको. मी रविवारी सकाळी गेलो. निघताना ट्रंकेतून कापड काढलं. अकरा वर्षांत ते कडक झालं होतं, लव तशीच चिकटून. गाळ्यात कुणी नव्हतं, वहिनी मागच्या खोलीत होत्या. मी सीट काढली, कापड त्याच जागी, तसंच दुहेरी बांधलं. बोटांना गाठ आठवत होती. एकच गोष्ट बदलली, बाकी कशाला हात लावला नाही.

गाडी पहिल्या किकला लागली. भेस्तानच्या गल्ल्यांत कसलीच तक्रार नाही. वीस, तीस, अगदी गुणाची. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्या वाकड्या सीटवर पाठ धरली होती आणि मनात म्हणत होतो, बघ, काही नाही, उगाच अकरा वर्षं जाळलीस. हायवेला लागलो. रस्ता मोकळा झाला तसं लिवर दिलं. पंचेचाळीसपर्यंत गेली... आणि मग इंजिन आवाज मोठा करत राहिलं आणि गाडी जागची हलेना. आणखी पिळलं तर आणखी मंद झाली. भक्‌ भक्‌. मागून एक टँकर हॉर्न देत आला आणि मला घासून पुढे गेला. मी कडेला उभा राहिलो, उतरलो, आणि तिथे रस्त्याकडेला बसून मोठ्यानं रडलो. रहदारीत कुणाला ऐकू जात नाही. योगेशनं त्या क्षणी हात पूर्ण पिळला असणार, कारण आप्पांनी त्याला सांगितलं होतं, गाडी आता मस्त आहे, बिनधास्त पळव.

परत आलो. प्लग खोलला. काळा. लाल पेन्सिल अजून खिडकीत होती. भिंतीवर आप्पांच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं: कापड बांधलं. आणि दुसऱ्या रकान्यात: उठली नाही. वरून खालपर्यंत बरोबर, बरोबर, बरोबर, आणि खाली माझं अक्षर.

वहिनी चहाचा कप घेऊन आल्या होत्या, मागे कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांना वाचता येतं. त्यांनी विचारलं, "कोनतं कापड?" मी सगळं सांगितलं. कापड कुणी बांधलं, कुणी काढलं, कुठे ठेवलं. दवाखान्यात मी काय म्हणालो तेही सांगितलं. मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि त्या ओळींवरून हळूहळू खाली आणला.

"मंग यास्नी अकरा वरीस खोलं, ते फुकटज?"

"हो, वहिनी."

त्यांनी कप खाली ठेवला. "आन ते," म्हणाल्या. मी सीट काढून कापड सोडलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, आप्पा गिऱ्हाइकाला पाहायला लावायचे तसं. आणि त्या रिकाम्या खिळ्याला टांगलं. मग माझ्यासाठी आणलेला चहा उचलला आणि आत निघून गेल्या.

गाळ्याला अजून चुना मारलेला नाही. वहिनींनी मालकाकडून थोडे दिवस मागून घेतलेत, असं ऐकतो. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला त्या भिंतीपाशी नेतात, खिळ्यावरचं कापड दाखवतात आणि सांगतात, आमच्या माणसाच्या हातची चूक नव्हती. कुणी बांधलं होतं ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते मी इथे सांगितलं आहे.